कोड बदलला, आजार तोच: बिलिंगचा डेटा संशोधनात वापरण्याआधी

२००३ ते २००९ या काळात अमेरिकेत न्यूमोनियासाठी रुग्णालयात भरती होणाऱ्यांचं प्रमाण दर हजार लोकांमागे ५.५ वरून ४.० वर आलं. म्हणजे २७ टक्क्यांहून जास्त घट. वय आणि लिंग यांचा फरक जमेस धरला, तर भरती झालेल्यांपैकी रुग्णालयातच दगावणाऱ्यांचं प्रमाणही ५.८ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आलं.

हे आकडे तुमच्या हातात आले, तर तुम्ही काय निष्कर्ष काढाल? लसीकरण वाढलं, अँटिबायोटिक लवकर मिळू लागलं, अतिदक्षता विभाग सुधारले. कारणं सुचायला वेळ लागत नाही, आणि पेपरचं शीर्षकही सुचून जातं.

पीटर लिंडेनॉअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली 'जामा' या नियतकालिकात हेच आकडे मांडले, पण ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी विचारलं की हे कमी झालेले रुग्ण गेले कुठे? मग त्यांनी असे रुग्ण शोधले, ज्यांच्या कागदावर मुख्य निदान 'सेप्सिस' किंवा 'श्वसन निकामी होणे' असं होतं आणि न्यूमोनिया खालच्या ओळीत, दुय्यम निदान म्हणून लिहिलेला होता. सेप्सिसच्या गटात अशा भरतींचं प्रमाण ०.४ वरून १.१ वर गेलेलं होतं. तिन्ही गट एकत्र केल्यावर २७ टक्क्यांची घट साडेबारा टक्क्यांवर आली. आणि मृत्यूंचं प्रमाण? ते ८.३ टक्क्यांवरून ८.८ टक्क्यांवर, म्हणजे थोडं वरच गेलेलं होतं.

आजार तोच, फुप्फुसंही तीच. बदलला होता तो बिलावरचा पहिला कोड.

माझं संशोधन आरोग्यविम्याच्या क्लेम डेटावर आहे, त्यामुळे नवीन विद्यार्थ्यांकडून एक वाक्य वारंवार ऐकायला मिळतं: 'डेटा तयारच आहे, फक्त विश्लेषण करायचंय.' या लेखात आपण हा 'तयार' डेटा कसा तयार होतो ते बघू. रुग्णालयांना कोडिंग आणि बिलिंगमध्ये ज्या अडचणी येतात, त्याच पुढे आपल्या डेटातल्या त्रुटी होऊन येतात. म्हणून त्या अडचणी समजून घेणं हा आपल्या अभ्यासपद्धतीचाच भाग आहे.

कोड लिहितं कोण?

अमेरिकेतल्या 'मेडिकेअर' या सरकारी विमा योजनेने ऑक्टोबर १९८३ पासून रुग्णालयांना पैसे देण्याची पद्धत बदलली. त्याआधी जो खर्च झाला, त्याच्या हिशेबाने पैसे मिळत. नव्या पद्धतीत रुग्णाचं निदान, शस्त्रक्रिया आणि गुंतागुंत बघून त्याला एका गटात टाकलं जातं. या गटांना 'डीआरजी' म्हणतात. प्रत्येक गटाचा दर ठरलेला असतो. रुग्ण चार दिवस राहिला काय किंवा सहा दिवस, रक्कम सहसा तीच.

आता गट ठरतो कोडवरून, आणि कोड लिहिणारी व्यक्ती डॉक्टर नसते. डॉक्टर केसपेपर आणि डिस्चार्ज समरी लिहितात. कोडर ते कागद वाचून आयसीडीचे कोड लावतो. हे काम मोठ्या प्रमाणावर भारतातही होतं. पुण्यात, नवी मुंबईत, हैदराबाद-चेन्नईत बसून अमेरिकन रुग्णांच्या फायली वाचणारे कोडर आहेत. लाइफ सायन्स, फार्मसी, नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस केलेली कितीतरी मुलं-मुली या क्षेत्रात आहेत. तुमच्या ओळखीतही एखादं कुणी असेल.

कोडरला रुग्ण दिसत नाही, दिसतो फक्त कागद. आणि कागदावर जे नाही ते स्वतःच्या अकलेने भरायची त्याला परवानगी नाही. समजा, रक्ततपासणीत सोडियम १२८ आलंय. वैद्यकीय शिक्षण झालेल्या कोडरला लगेच कळतं की सोडियम कमी आहे. तरीही डॉक्टरांनी तसं निदान लिहिलं नसेल, तर त्याला तो कोड लावता येत नाही. फक्त रिपोर्टवरून निदान करणं नियमात बसत नाही. डॉक्टरांना लेखी प्रश्न पाठवायचा, ज्याला या क्षेत्रात 'क्वेरी' म्हणतात, आणि उत्तराची वाट बघायची. तोवर बिल अडकून राहतं.

म्हणजे डेटात 'सोडियम कमी' हा कोड नाही, याचा अर्थ रुग्णाचं सोडियम ठीक होतं असा होत नाही. तसं कुणी लिहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक नियम संशोधकाने पाठच करायला हवा. रुग्णालयात भरती असलेल्या रुग्णाच्या बाबतीत डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी 'बहुधा न्यूमोनिया' असं लिहिलं, तर कोडर न्यूमोनियाचाच कोड लावतो. ओपीडीत मात्र 'बहुधा', 'संशयित' असं लिहिलेलं निदान कोड करता येत नाही. तिथे खोकला, ताप अशा लक्षणांचा कोड जातो. एकाच डॉक्टरने एकाच रुग्णाबद्दल तेच वाक्य लिहिलं, तरी ते कुठे लिहिलं यावरून डेटात दोन वेगळ्या गोष्टी उतरतात. भरती आणि ओपीडीचा डेटा एकत्र करून 'आजाराचं प्रमाण' काढणाऱ्याने हे लक्षात घेतलं नाही, तर पायाच कच्चा राहतो.

एका शब्दाची किंमत

आता सेप्सिसकडे परत येऊ. संसर्गाला शरीराकडून येणारा प्रतिसाद भरकटतो आणि अवयव धोक्यात येतात, त्याला ढोबळमानाने सेप्सिस म्हणतात. न्यूमोनिया हे त्याचं एक नेहमीचं कारण आहे.

कोडिंगचा नियम असा की रुग्ण भरती होतानाच सेप्सिस आणि न्यूमोनिया दोन्ही असतील, तर सेप्सिस आधी लिहायचा आणि न्यूमोनिया नंतर. आणि सेप्सिसच्या गटाचा दर साध्या न्यूमोनियाच्या गटापेक्षा सहसा जास्त असतो. डॉक्टरांनी फक्त 'न्यूमोनिया' लिहिलं तर बिल एका गटात जातं. 'न्यूमोनियामुळे सेप्सिस' लिहिलं तर दुसऱ्या. कोडरने यात काहीही लबाडी केलेली नसते. नियमाप्रमाणेच क्रम लावलेला असतो.

मग सेप्सिस कशाला म्हणायचं? खरी पंचाईत इथे आहे. जुन्या व्याख्येत संसर्गाबरोबर चारपैकी दोन लक्षणं पुरेशी होती: ताप जास्त किंवा शरीर थंड, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० च्या वर, पांढऱ्या पेशी फार जास्त किंवा फार कमी. न्यूमोनियाचे कितीतरी रुग्ण या चाळणीतून सहज पार होतात. २०१६ साली आलेल्या 'सेप्सिस-३' या व्याख्येने अट कडक केली आणि अवयवांच्या कामात बिघाड झाल्याचा पुरावा मागितला. पण मेडिकेअरने २०१५ पासून लागू केलेला सेप्सिस उपचारांच्या गुणवत्तेचा निकष जुन्या व्याख्येवर आधारलेला राहिला, तर अनेक खासगी विमा कंपन्या नव्या व्याख्येवर बोट ठेवून क्लेम नाकारू लागल्या.

रुग्णालयाच्या बाजूने विचार करा. रुग्ण एकच, पण एक यंत्रणा म्हणते सेप्सिस लवकर ओळखा, नाहीतर गुणवत्तेत मागे पडाल; दुसरी म्हणते हा सेप्सिस नव्हताच, जादा रक्कम देणार नाही. मग अपील, पुन्हा कागद, पुन्हा डॉक्टरांची सही. मोठ्या रुग्णालयाकडे यासाठी वेगळा विभाग असतो. लहान रुग्णालयात हेच काम दोन-तीन माणसं करतात, आणि वेळ कमी पडला की वाद होणार नाही असा साधा कोड लावून मोकळी होतात. त्यामुळे दोन रुग्णालयांच्या डेटात सेप्सिसचं प्रमाण वेगळं दिसलं, तर तो फरक रुग्णांचा आहे की बिलिंग विभागाच्या मनुष्यबळाचा, हे नुसत्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

यात 'यूरोसेप्सिस' या शब्दाची वेगळीच गंमत आहे. डॉक्टर हा शब्द वर्षानुवर्षं सर्रास वापरत आलेत. पण आयसीडी-१०च्या अमेरिकन आवृत्तीत या शब्दाला कोडच नाही. मूत्रमार्गाचा साधा संसर्ग म्हणायचंय की त्यातून झालेला सेप्सिस, हे कोडरला विचारावंच लागतं. उत्तर मिळेल त्यावर बिल अवलंबून, आणि आपला डेटासुद्धा.

याला लबाडी म्हणायचं का?

यावर अर्थशास्त्रज्ञ लीमोर डाफ्नी यांचा २००५ चा पेपर संशोधन सुरू करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. १९८८ साली मेडिकेअरने गट ठरवण्याच्या नियमात एक बदल केला. तोपर्यंत 'गुंतागुंत आहे' किंवा 'वय ६९ पेक्षा जास्त आहे' यातलं काहीही एक असलं की रुग्ण वरच्या दराच्या गटात जात असे. वयाची अट काढून टाकली गेली. त्यामुळे काही आजारांत वरच्या आणि खालच्या गटाच्या दरातला फरक एकदम वाढला, काहींत फारसा वाढला नाही. रुग्ण बदलले नव्हते, बदलली होती फक्त किंमत. संशोधकाला याहून चांगला नैसर्गिक प्रयोग कुठे मिळणार?

डाफ्नी यांना काय दिसलं? जिथे दरातला फरक जास्त वाढला, तिथे 'गुंतागुंत आहे' असे कोडही जास्त वाढले. नफ्यासाठी चालणाऱ्या रुग्णालयांत हे प्रमाण सर्वांत ठळक होतं. पण त्या आजारांच्या रुग्णांवर जास्त किंवा चांगले उपचार झाल्याचा फारसा पुरावा मिळाला नाही. किंमत बदलल्यावर बदलले ते कागद.

मात्र यावरून 'सगळी रुग्णालयं चोर' असा निष्कर्ष काढू नका. वाढीव कोडिंग तीन प्रकारचं असू शकतं. पहिलं, नसलेलं निदान लिहिणं. हा सरळ गुन्हा आहे. दुसरं, व्याख्येच्या सीमेवरचा रुग्ण फायद्याच्या बाजूला ढकलणं. आणि तिसरं, आधी खरोखर असूनही न लिहिली जाणारी गुंतागुंत आता नीट लिहिणं. तिसऱ्या प्रकारात डेटा उलट जास्त खरा होतो. अडचण ही की क्लेमच्या डेटात तिन्ही सारखेच दिसतात. वेगळे करायचे असतील तर मूळ केसपेपरपर्यंत जावं लागतं.

प्रत्येक गट सुधारला, एकूण नाही: हे कसं?

लिंडेनॉअर यांच्या आकड्यांमध्ये एक कोडं आहे. प्रत्येक गटात मृत्यूंचं प्रमाण कमी झालं, तरी एकत्रित प्रमाण कमी झालं नाही. हे कागदावर करून बघू. पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत.

न्यूमोनियाचे १००० रुग्ण आहेत. त्यातले ७०० सौम्य, १४ दगावतात. २०० मध्यम गंभीर, ३० दगावतात. १०० अत्यवस्थ, ४० दगावतात. एकूण मृत्यू ८४.

पहिल्या वर्षी सौम्य आणि मध्यम रुग्णांना 'न्यूमोनिया' कोड मिळतो: ९०० पैकी ४४ मृत्यू, म्हणजे ४.९ टक्के. अत्यवस्थ रुग्णांना 'सेप्सिस': १०० पैकी ४०, म्हणजे ४० टक्के.

पुढच्या वर्षी रुग्ण तसेच, उपचार तेच, मृत्यूही तेवढेच. फक्त मध्यम गंभीर २०० जणांना आता 'सेप्सिस' कोड मिळतो. न्यूमोनियाच्या गटात उरले ७०० पैकी १४ मृत्यू, म्हणजे २ टक्के. सेप्सिसच्या गटात ३०० पैकी ७०, म्हणजे २३.३ टक्के.

दोन्ही गटांत मृत्यूदर घटला. वाचलेला माणूस मात्र एकही नाही. मध्यम रुग्ण हे न्यूमोनियाच्या गटात सर्वांत आजारी होते आणि सेप्सिसच्या गटात सर्वांत बरे, म्हणून त्यांनी गट बदलताच दोन्हीकडची सरासरी सुधारली. याला 'विल रॉजर्स परिणाम' म्हणतात. अल्वान फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली कर्करोगाच्या टप्प्यांबाबत तो दाखवून दिला होता.

हे केवळ गणिताचं कोडं नाही. मेडिकेअरने ऑक्टोबर २०१२ पासून, न्यूमोनियाचे रुग्ण ३० दिवसांत पुन्हा भरती होण्याचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांना आर्थिक दंड लावायला सुरुवात केली. सुरुवातीच्या मोजमापात सेप्सिस हे मुख्य निदान असलेले रुग्ण धरले जात नव्हते. म्हणजे जे रुग्णालय आपल्या गंभीर रुग्णांना सेप्सिसचा कोड लावत होतं, त्याच्या न्यूमोनियाच्या यादीत सौम्य रुग्णच उरत. प्रामाणिकपणे 'न्यूमोनिया' लिहिणारं रुग्णालय वाईट दिसण्याची शक्यता जास्त. पुढे २०१७ या आर्थिक वर्षापासून मोजमापात सेप्सिससह न्यूमोनिया असलेले बरेच रुग्ण धरले जाऊ लागले. कोडिंगवर झालेल्या संशोधनाचं महत्त्व इथे कळतं.

आपल्याकडचा डेटा

डीआरजी अमेरिकेतली पद्धत असली, तरी आपल्याकडच्या योजनांच्या डेटालाही हाच प्रश्न विचारावा लागतो. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ ची. या योजनांमध्ये उपचारांची पॅकेजेस ठरलेली असतात आणि रुग्णालयाला आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे डेटात दिसतं ते मंजूर झालेलं पॅकेज. रुग्णाच्या सगळ्या आजारांची ती नोंद नव्हे. शिवाय काही पॅकेजेस फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. खासगी रुग्णालयांत एखादी शस्त्रक्रिया अचानक दिसेनाशी झाली, तर गरज संपली असं समजण्याआधी नियमांची यादी उघडून बघा.

रकान्यांचंही तसंच. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालात प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या डेटात सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांसमोर ९९९९९९९९९९ हा एकच मोबाईल क्रमांक आढळला. लाभार्थ्याची पडताळणी मोबाईल क्रमांकावरून होत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. ते मान्य केलं तरी आपल्यासाठी धडा उरतोच: ज्या रकान्यावर पैसे अवलंबून नसतात तो कसाही भरला जातो, आणि ज्यावर अवलंबून असतात तो विचार करून भरला जातो. दोन्ही रकाने वापरताना सावध राहायचं, पण सावधगिरीची कारणं वेगळी.

डेटा हातात आल्यावर

विश्लेषणाचा पहिला कोड लिहिण्याआधी मी विद्यार्थ्यांना चार कामं सुचवते.

एक, नियमांची कालरेषा काढा. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ रोजी आयसीडी-९ जाऊन आयसीडी-१० आलं आणि निदानांचे कोड सुमारे १४ हजारांवरून सुमारे ६८ हजारांवर गेले. कोविडचा स्वतंत्र कोड तिथे १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. त्याआधीच्या रुग्णांसाठी इतर कोरोनाविषाणूंचा जुना कोड वापरला जात होता. तुमच्या आलेखातली उडी अशा एखाद्या तारखेशी जुळते का, ते आधी बघा.

दोन, शेजारचे कोडही मोजा. एखादा आजार घटताना दिसला, तर त्याचे रुग्ण दुसऱ्या कोणत्या कोडखाली जाऊ शकतात याची यादी एखाद्या डॉक्टर आणि एखाद्या कोडरबरोबर बसून करा. मुख्य निदानापुरतं थांबू नका, दुय्यम निदानंही तपासा.

तीन, शक्य असेल तिथे केसपेपरशी पडताळा. समजा, सेप्सिसचा कोड असलेल्या २०० फायली काढल्या आणि १६० जणांना खरंच सेप्सिस होता. तर कोडवर ८० टक्के भरवसा ठेवता येतो. पण यातून सुटलेले रुग्ण किती, हे कळत नाही. त्यासाठी कोड नसलेल्या फायलीही काढाव्या लागतात. हे दुसरं काम कंटाळवाणं आहे, म्हणून बहुतेक वेळा तेच राहून जातं.

चार, कोडवर न हलणारा एखादा निकष जोडा. मृत्यू, व्हेंटिलेटरवरचे दिवस, रक्ततपासणीचे आकडे. निदान सौम्य किंवा गंभीर लिहिता येतं. मृत्यूची नोंद तशी फिरवता येत नाही.

या कामांना दोन-तीन महिने जातात आणि त्यातून पेपर लगेच निघत नाही, हे खरं. गाईडला हा वेळ समजावून सांगावा लागतो. पण 'मृत्यूदर घटला' असं आपण लिहितो, तेव्हा कुणीतरी त्यावर विसंबून निधी वळवतो, दंड ठरवतो किंवा एखादी उपाययोजना बंद करतो. म्हणून प्रत्येक रकान्याला विचारायचं: हा कुणी भरला, कशासाठी भरला, आणि वेगळा भरला असता तर कुणाचं किती नुकसान झालं असतं? या तीन प्रश्नांची उत्तरं तुमच्या प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात सापडली पाहिजेत. परीक्षक तिथूनच वाचायला सुरुवात करतात.